गुरुवारची शिकवणी

महाविद्यालयाच्या अंकासाठी काहीतरी लिहून पाठवा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा प्रथम मी चक्क टाळाटाळ केली. विद्यार्थिदशेत याच अंकाच्या मराठी विभागात माझ्या दोन कविता छापून आल्या होत्या. त्या आज कोणी काढून दाखवल्या तर मला तोंड लपवावे लागेल! त्याच अंकाच्या कन्नड विभागात माझ्या मैत्रिणीची कथा होती. अंक हातात पडला त्या दिवशी आम्ही दोघी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून एकमेकींना वाचून दाखवत होतो. तिला माझी मराठी अर्धी समजत होती, मला तिची कन्नड अर्धी. पण 'छान आहे' असे दोघींनीही अगदी मनापासून म्हटले होते.

मग विचार केला, आपल्या मानसशास्त्राच्या वर्गातून दरवर्षी चार-दोन मुलेमुली 'आम्हाला समुपदेशक व्हायचे आहे' असे म्हणत बाहेर पडतात. त्यांना पुस्तकात न सापडणारी एक गोष्ट सांगावी. ती मला इंदूरला, एका गुरुवारी संध्याकाळी कळली. आणि ती उशिरा कळल्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली असती.

नऊ वर्षांपूर्वी मी इंदूरला गेले. यजमानांच्या बँकेने त्यांची तिकडे बदली केली आणि मला तिथल्याच एका रुग्णालयात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची जागा मिळाली. बेळगावकडच्या माणसाला इंदूर फारसे परके वाटत नाही. होळकरांच्या या राजधानीत पिढ्यान् पिढ्या नांदलेली मराठी घरे आहेत. रामबागेत फिरताना दारांवर आपल्याकडचीच आडनावे दिसतात आणि 'सानंद'च्या नाटकांना मराठी प्रेक्षक गर्दी करतात. सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी खायची आणि पोह्यांवर जिरावन भुरभुरायचे, एवढे जमले की निम्मे इंदूर आपले झाले. पण निम्मे शहर आपले झाले तरी काम आपले होत नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळून चुकले.

आमच्या शिक्षणाची रीत थोडी सांगायला हवी. नुसते एम.ए. करून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही या व्यवसायाची व्याख्या करताना दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि 'देखरेखीखालील प्रशिक्षण' यांचा उल्लेख आहे. त्या दोन वर्षांत मी पाहिलेला प्रत्येक रुग्ण, त्याला विचारलेला प्रत्येक प्रश्न वरिष्ठांच्या नजरेखालून जात होता. माझ्या अहवालावर लाल शाई इतकी असायची, की मूळची निळी शोधावी लागे. तेव्हा वाटायचे, कधी एकदा हे संपते आणि मी मोकळी होते!

आणि मग ते संपले. इंदूरच्या त्या बाह्यरुग्ण विभागात मला एक लहानशी खोली, एक टेबल आणि दारावर नावाची पाटी मिळाली. दिवसाला वीस-वीस रुग्ण. माझ्या अहवालावर लाल शाईचा एक ठिपका उमटवायला तिथे कोणी नव्हते. वरिष्ठ डॉक्टर भले होते, पण त्यांच्या दाराशी माझ्यापेक्षा मोठी रांग. पहिल्या पगाराच्या दिवशी मला जे वाटले ते स्वातंत्र्य नव्हते. पोहायला शिकवणाऱ्याने कमरेचा दोर सोडला आणि तो काठावरून निघून गेला, म्हणजे जसे वाटेल तसे काहीसे ते होते.

अशा वेळी काकू भेटल्या. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. तेव्हा त्या पासष्टी ओलांडून निवृत्त झालेल्या होत्या. सत्तरच्या दशकात त्या बंगलोरला 'निम्हान्स'मध्ये शिकल्या होत्या. १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था म्हणून सुरू झालेल्या आणि १९७४ मध्ये 'निम्हान्स' झालेल्या त्या संस्थेने देशातल्या कितीतरी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना घडवले आहे. कोणाच्या तरी ओळखीने मी त्यांच्या घरी गेले. हातात बेळगावच्या कुंद्याचा डबा होता. दार उघडताच त्यांनी विचारले, "ऊट आय्ता?"

जेवलीस का, हा प्रश्न माळव्यात, आणि तोही कन्नडमध्ये! माझ्या डोळ्यांत पाणीच आले.

"मॅडम, मी—" मी सुरुवात केली.

"मॅडम दवाखान्यात संपल्या गं. इथे काकू म्हण," त्या म्हणाल्या. "आणि आधी बस. पोहे थंड होऊन राहिलेत."

त्या दिवशी ठरले, की दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मी त्यांच्याकडे जायचे, आठवड्यातल्या रुग्णांबद्दल त्यांच्याशी बोलायचे. रुग्णाचे नाव-गाव सांगायचे नाही, फक्त काय घडले ते सांगायचे. फी विचारली तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "फी आहे. पण ती मला द्यायची नाही. कोणाला द्यायची ते पुढे सांगेन."

यजमान या प्रकाराला 'गुरुवारची शिकवणी' म्हणू लागले. नाव तेच पडले.

सुरुवातीच्या एका गुरुवारी काकूंनी मला गाण्याची गोष्ट सांगितली. "तुमच्या सुळेभावीचा मुलगा इथल्या देवासला येऊन बरा झाला, माहीत आहे ना?" मला अर्थातच माहीत होते. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकाळीमठ, म्हणजे आपले कुमार गंधर्व, क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये देवासला आले. इंदूरपासून देवास तास-दीड तासाच्या वाटेवर आहे. काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती, आणि त्यानंतर ते जे गायले ते साऱ्या देशाने ऐकले.

"त्यांचे गुरू मुंबईचे बी. आर. देवधर," काकू म्हणाल्या. "आता बघ, गाण्याच्या तालमीत शिष्य समोर बसलेला असतो. सूर खाली गेला की गुरूच्या कानावर तो त्याच क्षणी पडतो. शिष्याला सांगावं लागत नाही. आपल्या धंद्यात तसं नाही. आपला सूर चुकतो तो बंद दाराआड. तिथे फक्त तू आणि रुग्ण. मला काही ऐकू येत नाही. तू आणून दिलीस तरच ती चूक माझ्यापर्यंत येणार. म्हणून या शिकवणीत गुरूपेक्षा शिष्याचं काम अवघड."

मी मान डोलावली. वहीत लिहूनही घेतले. सुवचने वहीत लिहून घेतली की ती आपल्याला कळली असे वाटते, हा विद्यार्थिदशेतला रोग मला अजून सोडून गेला नव्हता.

काही महिने छान गेले. मी रुग्णांबद्दल सांगायची, काकू मध्येच एखादा प्रश्न विचारायच्या. "तो रडला तेव्हा तू घड्याळाकडे का पाहिलंस?" किंवा "हा सल्ला तिला हवा होता की तुला द्यायचा होता?" उत्तर त्या क्वचितच देत. घरी परत येताना मात्र मला माझे उत्तर सापडलेले असे.

आणि मग तो मुलगा आला.

त्याची ओळख पटेल असे सारे तपशील मी इथे बदलले आहेत. इंदूरमध्ये भंवरकुआँ नावाचा भाग आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांनी तो गजबजलेला असतो. माळव्यातून, निमाडमधून, कुठकुठल्या गावांतून मुले येतात, एका खोलीत तिघे-चौघे राहतात आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतात. हा त्यांतलाच एक. तेवीस-चोवीस वर्षांचा. दोनदा परीक्षा हुकली होती. झोप येत नाही, छाती धडधडते, अशी तक्रार घेऊन तो आला. अतिशय नम्र. दर सोमवारी ठरल्या वेळेआधी दहा मिनिटे हजर. मी काही विचारले की म्हणायचा, "सब ठीक चल रहा है, मैडम।" श्वासाचे व्यायाम सांगितले, केले. झोपेची नोंद ठेवायला सांगितली, ठेवली. एवढा शहाणा रुग्ण मला आवडला नसता तरच नवल!

सहाव्या भेटीत तो हसून म्हणाला, "किताबें जूनियर को दे दीं, मैडम। अब हल्का लग रहा है।"

आपल्या जवळची जपलेली वस्तू माणूस अचानक देऊन टाकू लागला, आणि त्याच वेळी एकाएकी शांत दिसू लागला, तर सावध व्हावे. त्याला सरळ विचारावे, की जीव द्यावासा वाटतो का? अशा विचारण्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. हे सारे मला पाठ होते. परीक्षेत दहा गुणांसाठी याच प्रश्नाचे उत्तर मी अडीच पाने लिहिले होते.

पण त्या सोमवारी मी विचारले नाही. घशाशी आलेला प्रश्न मी गिळला आणि फाइलमध्ये लिहिले, 'अपेक्षांचे ओझे कमी. प्रगती समाधानकारक.' का विचारले नाही? आज प्रामाणिकपणे सांगते, मला त्याच्या 'हो'ची भीती वाटली. तो हो म्हणाला तर बंद दाराआड मी एकटी काय करणार होते?

त्या गुरुवारी काकूंनी विचारले, "आणि तो परीक्षेवाला पोरगा?"

"ठीक चाललंय," मी म्हणाले. पुस्तकांबद्दल चकार शब्द काढला नाही. काकूंनी माझ्याबद्दल चांगले मत करून घेतले होते, ते मला मोडायचे नव्हते.

पुढच्या सोमवारी तो आला नाही. मंगळवारी मी त्याला फोन लावला, तो बंद होता. बुधवारी पुन्हा लावला, बंद. 'गावी गेला असेल,' असे मी स्वतःला समजावले. बुधवारी रात्री मला झोप लागली नाही. तरीही गुरुवारी काकूंकडे गेल्यावर मी इतर रुग्णांबद्दलच बोलत राहिले. पाऊण तास बोलले. खरे तर त्या दिवशी डोकेदुखीचे निमित्त सांगून जायचेच नाही, असे मनात आले होते. यजमानांनी जवळजवळ ढकलूनच मला धाडले होते.

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि तो पोरगा?"

"ठीक—" म्हणाले आणि पुढचा शब्द फुटेना. मग सगळे सांगितले. पुस्तके, हसू, गिळलेला प्रश्न, फाइलमधली ओळ, बंद फोन. सांगताना मी मान वर केली नाही.

काकू रागावतील, निदान 'अगं वेडे!' तरी म्हणतील, असे वाटले होते. त्यांनी फक्त विचारले, "त्याच्या घरच्यांचा नंबर घेतला होतास?"

घेतला होता. धोका वाटला तर घरी कळवू, असे पहिल्या भेटीत सांगून, त्याच्या संमतीने मोठ्या भावाचा नंबर फाइलमध्ये लिहिला होता. ती एक गोष्ट मी नियमाप्रमाणे केली होती.

"मग आधी फोन. इथूनच, आत्ता. आपलं बोलणं नंतर."

रुग्णालयात रात्रपाळीच्या सिस्टरांना फोन करून फाइल काढायला लावली, नंबर मिळवला. भाऊ निमाडमधल्या एका गावी होता. त्याचीही दोन दिवस भेट नव्हती, फोनवर बोलणे नव्हते. त्याने खोलीतल्या जोडीदाराला फोन केला. तो कुठेतरी बाहेर होता, धावत खोलीवर गेला. हे सारे व्हायला चाळीस मिनिटे लागली. त्या चाळीस मिनिटांत काकू माझ्या शेजारी बसून होत्या. धीराचा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. 'काही होणार नाही' असे खोटे आश्वासन त्यांनी दिले नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

मुलगा खोलीत होता. अंधारात, दार नुसते लोटून पडून होता. जोडीदार रात्रभर त्याच्याजवळ बसला. भाऊ मोटरसायकलने मध्यरात्री येऊन पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही रुग्णालयात आले. मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासले, दाखल करून घेतले. त्याआधी दहा मिनिटे तो माझ्यासमोर बसला होता. मी विचारले, "मरने का खयाल आता है?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आता है, मैडम। आपने पहली बार पूछा।"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपे गेले असते.

तो मुलगा बरा झाला. पुढे त्याने परीक्षेचा नाद सोडला आणि भावाबरोबर धंदा सुरू केला. पण हे मी गोड शेवट म्हणून सांगत नाही. तो वाचला तो माझ्या हुशारीने नव्हे. माझी चूक एका गुरुवारी, उशिरा का होईना, तोंडातून बाहेर पडली, म्हणून वाचला. ती तशीच गिळली असती तर आणखी आठ दिवस गेले असते.

पुढच्या गुरुवारी मी काकूंना म्हणाले, "मी ही नोकरी सोडावी असं वाटतं."

"चूक तुझीच होती," काकू म्हणाल्या. "ती मी धुऊन टाकणार नाही. पण तू एकटीच चुकलीस असं नाही. इतके आठवडे तू मला 'ठीक चाललंय' म्हणत होतीस आणि मी समाधानाने पोहे वाढत होते. मीसुद्धा विचारलं नाही." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "त्या पोराने तुला जे केलं तेच तू मला केलंस, लक्षात आलं का?"

मी चमकले. तो मला म्हणे 'सब ठीक'. मी काकूंना म्हणे 'ठीक चाललंय'. त्याला मला नाराज करायचे नव्हते, मला काकूंना. काकूंनी सांगितले, की हे आपल्या व्यवसायात पूर्वीपासून ओळखीचे आहे. अमेरिकेतले मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९५५ साली यावर लिहिले. रुग्ण आणि उपचार करणारा यांच्यामध्ये जे घडत असते, त्याचे प्रतिबिंब उपचार करणारा आणि त्याचा मार्गदर्शक यांच्या नात्यात पडते. मार्गदर्शकाने ते पाहिले तर बंद दाराआडचे थोडेफार त्याला दिसू शकते. "मी ते पाहायला हवं होतं," काकू म्हणाल्या. "एवढं गुळगुळीत कोणाचंच चालत नसतं."

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, त्या नव्या असताना, एक बाई त्यांच्याकडे येत असे. एके दिवशी जाताना ती दारात थांबली, काहीतरी सांगायचे होते. बाहेर रांग होती. काकू म्हणाल्या, "पुढच्या वेळी बोलू हं." ती पुन्हा आली नाही. तिचे काय झाले, काकूंना कधीच कळले नाही.

"कदाचित ती सुखात असेल. कदाचित नसेल. मी हे अठरा वर्षं कोणालाही सांगितलं नाही. सांगायला कोणी नव्हतंच. ज्यांच्याकडे शिकले ते बंगलोरला राहिले. इथे वरिष्ठ होते, पण त्यांच्यापुढे चूक म्हणजे गोपनीय अहवालातला शेरा. अठरा वर्षं मी दारात थांबलेल्या प्रत्येक रुग्णाला आत बोलावून पुन्हा बसवत राहिले, घरी जायला रात्र झाली तरी. त्याला लोक माझी निष्ठा म्हणायचे. ती निष्ठा नव्हती गं, ती भीती होती."

माझ्या शिकवणीचा खरा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. मार्गदर्शक म्हणजे उत्तरे देणारा, असे मी समजत होते. उत्तरे पुस्तकांत होती. मला तर ती पाठही होती! जी नव्हती ती एक जागा. चूक घेऊन जाता येईल अशी जागा. तिथे चूक लपवली जात नाही आणि माणूसही मोडून टाकला जात नाही. अशी जागा नसेल तर हुशार माणूससुद्धा दोनपैकी एक काही तरी होतो, बेफिकीर तरी किंवा भित्रा.

काकूंना आपल्या शास्त्राच्या गुरुपरंपरेची मोठी हौस. त्या म्हणत, आपल्याकडेही घराणी आहेत. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा काढली. त्यांचा एक शिष्य म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेला. त्याच्याकडे शिकून नरेंद्रनाथ सेनगुप्ता परत आले आणि १९१६ मध्ये कलकत्त्याला मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. वुंट यांचा दुसरा शिष्य स्पिअरमन लंडनला. त्याच्याकडे शिकले एम. व्ही. गोपालस्वामी, ज्यांनी १९२४ मध्ये म्हैसूरला हा विषय उभा केला. हेच ते गोपालस्वामी, ज्यांनी १९३५ साली आपल्या घरी नभोवाणी केंद्र चालवले आणि ज्या केंद्राचे 'आकाशवाणी' हे नाव पुढे देशभर झाले. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे ठाऊक असेलच!

पण काकूंच्या आवडीची दोन माणसे वेगळीच होती. दोघांनाही गुरू जवळ लाभला नव्हता. एक कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस. मनोविश्लेषण शिकवायला इथे कोणी नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतःच अभ्यास केला, प्रबंध लिहिला आणि १९२१ मध्ये तो थेट व्हिएन्नाला फ्रॉईडकडे पाठवला. १९२२ मध्ये त्यांनी कलकत्त्याला भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांचा पत्रव्यवहार पुढे कित्येक वर्षे चालला. प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. त्या पत्रांत बोस यांनी फ्रॉईडला नुसता नमस्कार केला नाही. आपले रुग्ण तुमच्या रुग्णांसारखे नाहीत, हे त्यांनी आदराने पण स्पष्ट लिहिले. मतभेद राहिले, नातेही राहिले. फ्रॉईडच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, कलकत्त्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट म्हणून गेली आणि ती त्याच्या टेबलावर विराजमान झाली.

दुसरे आपल्या मुंबईचे कि. मो. फडके. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती घडवणारे अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कला. फडक्यांनी त्यांना पत्रे लिहायला सुरुवात केली आणि तीन दशकांहून अधिक काळ ती लिहीतच राहिले. प्रश्न, शंका, आक्षेप. आणि तिकडून उत्तरे येत राहिली. पुढे एलिसच्या संस्थेने त्यांना पर्यवेक्षक म्हणून मान्यता दिली. फडक्यांनी ती विद्या मराठीत आणली, अनेकांना शिकवली. ठाण्याला १९९० मध्ये 'आय.पी.एच.' ही संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी त्यांच्याकडेच शिकले.

"बघ," काकू म्हणत, "या दोघांनी गुरूला स्तुती पाठवली नाही, शंका पाठवल्या. पोस्टाला महिना लागला तरी पाठवल्या. आणि तू? मैलभरावरून येऊन मला 'ठीक चाललंय' पाठवत होतीस!"

त्या गुरुवारनंतर आमच्या शिकवणीची सुरुवातच बदलली. पोह्यांची बशी पुढे आली की काकू विचारत, "या आठवड्यात काय चुकलं?" आणि मी सांगून झाले की त्या स्वतःचे एक सांगत, चाळीस वर्षांपूर्वीचे नाहीतर कालचे. कधी कधी आम्ही इतक्या हसत असू, की यजमान मला न्यायला आलेले दारातच उभे राहत.

आज काकूंना ऐकू कमी येते, चालणेही कमी झाले आहे. गुरुवारची शिकवणी आता महिन्यातून एकदाच, आणि ती शिकवणी कमी, भेटच जास्त. मागच्या वर्षी आमच्या विभागात एक नवीन मुलगी रुजू झाली. हुशार, टापटीप, अहवाल इतके सुबक की लाल शाई उघडायलाच नको. मी तिला म्हटले, "दर गुरुवारी दुपारचा चहा माझ्याकडे." तिने फी विचारली नाही, पण मला माझी फी आठवली. ती कोणाला द्यायची, हे काकूंनी शेवटपर्यंत सांगितले नाही. सांगण्याची गरजच नव्हती.

पहिल्या गुरुवारी मी तिला विचारले, "कसं चाललंय?"

"ठीक चाललंय, मॅडम," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला आणि तिला त्या मुलाची गोष्ट सांगितली. आत्ता तुम्हाला सांगितली तशीच, 'प्रगती समाधानकारक' या ओळीसकट. सांगून झाल्यावर ती थोडा वेळ बोटांनी टेबलावर रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मंगळवारी एक बाई आल्या होत्या. मी त्यांना नीट विचारलं नाही असं वाटतं..."

आम्ही चहा तसाच ठेवून फाइल काढली.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी जे या वाटेने येणार आहेत त्यांना मोठा उपदेश करण्याइतकी मी मोठी नाही. एवढेच सांगते, की पहिली नोकरी शोधाल तेव्हा पगार विचारा, सुट्ट्या विचारा. आणि त्याबरोबर हेही विचारा, की इथे माझी चूक ऐकायला कोण आहे? कोणी नसेल तर बाहेर शोधा. निवृत्त शिक्षक असतील, जुने वरिष्ठ असतील. दूर असतील तर पत्र लिहा, फोन करा. बोस यांना व्हिएन्ना दूर वाटले नाही.

आणि जे या वाटेने येणार नाहीत, पण परीक्षेच्या, नोकरीच्या, घरच्या ओझ्याखाली रात्री छताकडे पाहत पडून राहतात, त्यांनाही एक सांगते. 'सगळं ठीक आहे' हे वाक्य एकदा तरी मोडा. मित्राजवळ मोडा, बाईंजवळ मोडा, नाहीतर सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तिथे मराठीतही बोलता येते, कन्नडमध्येही. आणि तुमचा एखादा मित्र एकाएकी आपली पुस्तके वाटून मोकळा झाला, तर त्याला हसून निरोप देऊ नका. जवळ बसा आणि सरळ विचारा.

मी ते सहाव्या भेटीत विचारायला हवे होते.